एआर ॲपवर रासायनिक बंध शिकवावा का? खानापूर तालुक्यातील एका मराठी हायस्कुलातून प्रश्न

मलप्रभातीर

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातील एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात आठवी ते दहावीला विज्ञान शिकवतो. आमच्या शाळेतून पंधरा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या विद्यार्थ्यांची एक तुकडी शाळेला या वर्षी दोन टॅब देऊ इच्छिते, आणि त्यांचा आग्रह असा आहे की त्यांवर ऑगमेंटेड रिॲलिटीचे, म्हणजे एआरचे ॲप घालून रासायनिक बंधाचा भाग शिकवावा. बाकावर एक छापील कार्ड ठेवायचे, टॅबचा कॅमेरा त्यावर धरायचा, की पडद्यावर त्या कार्डाच्या वर मिथेनचा रेणू उभा राहिलेला दिसतो. कार्ड फिरवले की रेणूही फिरतो. बेळगावात एका परिचितांकडे मी ते स्वतः पाहिले आणि खरोखर हरखून गेलो.

आता माझी अडचण सांगतो. आयनिक बंध, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या देवाणघेवाणीतून होणारा, ‘धातू आणि अधातू’ या धड्यात येतो आणि सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉनच्या भागीदारीतून होणारा, कार्बनच्या संयुगांच्या धड्यात. मुले इलेक्ट्रॉनची मांडणी, सोडियम २, ८, १ आणि क्लोरीन २, ८, ७, घडाघडा सांगतात, कार्बन डायऑक्साइडची इलेक्ट्रॉन-ठिपका आकृतीही बिनचूक काढतात. पण ‘मिथेन हवेत कसा दिसत असेल, हाताने दाखवा’ असे म्हटले की सारा वर्ग दोन बोटे एकमेकांवर आडवी-उभी ठेवून अधिक चिन्ह करून दाखवतो, कारण फळ्यावर मी तसाच काढत आलो आहे.

दहावीत ५२ मुले आहेत आणि टॅब दोनच. तेवढ्याच पैशांत भिंगे, बॅटरीचे सेल, एलईडी आणि थोडी रसायनेही येतील. देणाऱ्यांचे मन मोडायचे नाही, पण मुलांचे नुकसानही व्हायला नको. ज्यांनी प्रत्यक्ष वर्गात हे वापरले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दूधगंगाकाठ

सर, निपाणी भागातल्या माझ्या शाळेत मी गेल्या वर्षी एका टॅबवर हा प्रयोग केला, म्हणून अनुभवाचे लिहिते.

मी टॅब एका मुलीच्या हाती दिला. तिच्या वहीत मिथेन नेहमीसारखाच होता, मध्ये कार्बन आणि चार दिशांना चार हायड्रोजन. तिने टॅब कार्डाच्या बरोबर वर धरला आणि म्हणाली, “बाई, इथे तीनच हायड्रोजन आहेत, आणि मधल्या काळ्या गोळ्यावर पांढरा ठिपका का आहे?” मी काहीच बोलले नाही. तिने टॅब हळूहळू खाली आणला, गुडघे वाकवून डोळे बाकाच्या पातळीला नेले, आणि तो पांढरा ठिपका कार्बनच्या डोक्यावर उभा असलेला चौथा हायड्रोजन झाला. मग ती टॅब तसाच धरून बाकाभोवती पूर्ण फेरी मारून आली. जागेवर बसल्यावर तिने विचारले, “मग वहीत काढलेले चूक का?” कोण कोणाशी जोडले आहे ते वहीतली आकृती सांगते, आकार सांगत नाही, ही गोष्ट वर्गाला स्पष्टपणे सांगण्याची संधी मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा मिळाली, आणि ती त्या मुलीच्या प्रश्नामुळे मिळाली.

अडचणीही सांगते. जुलैत आमच्या वर्गात भर दिवसा अंधारून येते. वीज गेली की कॅमेऱ्याला कार्ड ओळखता येत नाही. कार्डे टिकावीत म्हणून मी ती लॅमिनेशन करून घेतली होती, तर खिडकीचा उजेड त्यांवर चमकला की रेणू थरथरायचा आणि नाहीसा व्हायचा. मुलांचा अंगठा कार्डाच्या कोपऱ्यावर गेला तरी तेच. सहा-सहांचे गट करून पूर्ण वर्गाला दोन तासिका लागल्या, आणि थांबलेल्या गटांना ठिपका-आकृत्यांचे काम दिले नसते तर वर्ग हातात राहिला नसता.

हिंडलग्याचा_पालक

मी शिक्षक नाही, पालक म्हणून लिहितो. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अभ्यासासाठी म्हणून घरात आलेला मोबाइल माझ्या मुलाच्या हातातून आजही सुटलेला नाही. शाळेनेच पुन्हा पडदा हाती दिला तर आम्ही घरी कोणत्या तोंडाने नको म्हणायचे? शिवाय परीक्षेत उत्तर कागदावरच लिहायचे आहे.

शहापूरचा_पुण्यात

मी मूळचा बेळगावच्या शहापूरचा, सध्या पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि कॅमेऱ्यावर चालणारी ॲपे बनवणे हेच माझे रोजचे काम आहे. टॅब स्वीकारण्यापूर्वी दोन-तीन गोष्टी तपासून घ्याव्यात.

एआरचे ढोबळपणे दोन प्रकार वर्गात उपयोगी पडतात. पहिल्यात छापील चित्र ओळखले जाते: चित्रातील ठळक कडा, टोके आणि कोपरे यांचा नकाशा ॲपमध्ये आधीच साठवलेला असतो, कॅमेऱ्यातील दृश्याशी तो जुळला की कार्ड किती अंतरावर आणि किती तिरके आहे याचे गणित होते आणि त्या जागी रेणू रेखाटला जातो. दूधगंगाकाठ यांच्या कार्डावर चमक पडली किंवा कोपरा झाकला गेला तेव्हा जुळवण्याजोगे बिंदू कमी पडले, म्हणून रेणू नाहीसा झाला. कार्डे बिनचमकीच्या जाड कागदावर छापावीत, आणि मोकळ्या पांढऱ्या जागेपेक्षा भरगच्च, ठसठशीत चित्र असलेली कार्डे निवडावीत.

दुसऱ्या प्रकारात कार्ड लागत नाही, बाकाचा पृष्ठभागच ओळखला जातो. त्यासाठी गूगलचे एआरकोर, जे २०१८ मध्ये सर्वांसाठी खुले झाले, त्या टॅबवर चालावे लागते, आणि टॅबमध्ये जायरोस्कोप, म्हणजे टॅब कसा वळला ते ओळखणारा भाग, असावा लागतो. स्वस्त टॅबमध्ये तो बहुधा नसतो. म्हणून आपल्या शाळांनी कार्डावर चालणारे ॲपच घ्यावे. घेताना टॅब विमान मोडवर टाकून ॲप उघडून पाहावे. नेटशिवाय उघडले नाही तर कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला पावसाळ्यात त्याचा उपयोग होणार नाही.

टिळकवाडी_रसायन

बेळगावात पीयू, म्हणजे अकरावी-बारावीच्या, महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दूधगंगाकाठ यांनी सांगितलेला प्रसंग वाचून फार आनंद झाला, कारण मिथेनचा आकार ही गोष्ट त्रिमितीतच कळते, आणि तिथे एआरला मी मनापासून पाठिंबा देतो. परंतु सरसकट रासायनिक बंध या ॲपवर शिकवायला माझा विरोध आहे, आणि त्याची कारणे जरा विस्ताराने मांडणे मला आवश्यक वाटते.

अनेक ॲपांत एक सोडियमचे आणि एक क्लोरीनचे कार्ड असते. दोन्ही जवळ आणली की इलेक्ट्रॉन टुणकन उडी मारतो आणि मिठाचा एक जोडगोळा तयार होतो. यातून मूल तीन चुकीच्या गोष्टी शिकते. पहिली, मिठाला रेणू असतो. वास्तविक मिठाच्या स्फटिकात आयन, म्हणजे इलेक्ट्रॉन गमावलेले किंवा मिळवलेले अणू, असतात; प्रत्येक सोडियम आयनाभोवती सहा क्लोराइड आयन असतात आणि प्रत्येक क्लोराइडाभोवती सहा सोडियम; त्यातली अमुक एक जोडी म्हणजे मिठाचा रेणू, असे बोट ठेवता येत नाही. मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते, ते या चोहोबाजूंच्या ओढीमुळे.

दुसरी चूक अधिक खोल आहे. सोडियमला इलेक्ट्रॉन ‘द्यायचाच असतो’ असे आपणही वर्गात सहज बोलून जातो. प्रत्यक्षात सोडियमच्या अणूतून तो इलेक्ट्रॉन काढायला दर मोलमागे सुमारे ४९६ किलोजूल ऊर्जा खर्च करावी लागते, आणि क्लोरीनच्या अणूने तो घेतल्यावर सुमारे ३४९ किलोजूलच परत मिळतात. नुसत्या देण्याघेण्यात १४७ किलोजूल अंगावरच पडतात. ते भरून निघतात ते सुटे आयन स्फटिकात रचले जाताना बाहेर पडणाऱ्या सुमारे ७८७ किलोजूल ऊर्जेतून. बंध होण्याचे कारण त्या रचनेत आहे, आणि दोन कार्डांच्या खेळात नेमकी ती रचनाच गाळलेली असते.

तिसरी चूक म्हणजे जवळ आले की बंध जुळतो, ही समजूत. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एका भांड्यात शेजारी शेजारी राहू शकतात. ठिणगी पडेपर्यंत पाणी होत नाही, कारण आधी जुने बंध तुटावे लागतात. दोन मोल हायड्रोजनचे बंध तोडायला ८७२ आणि एक मोल ऑक्सिजनचे तोडायला ४९८, असे १३७० किलोजूल लागतात. पाण्याचे चार मोल बंध जुळताना सुमारे १८५२ किलोजूल सुटतात. बंध तुटताना ऊर्जा सुटते असे मानणारी मुले पीयूसीला माझ्याकडे दरवर्षी येतात, आणि ती समजूत काढताना माझे कितीतरी तास जातात. हायस्कुलात असतानाच ती रुजू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

जांबोटी_गुरुजी

निवृत्त होऊन बरीच वर्षे झाली, तरी हा विषय वाचून राहवले नाही. टॅब येवोत, परंतु त्याआधी मुलांच्या हाताला काम मिळावे.

सारख्या फुगवलेल्या चार फुग्यांची तोंडे एकत्र घट्ट बांधा. ते आपोआप असे बसतात की कोणतेही तीन तिवईसारखे खाली टेकतात आणि चौथा सरळ वर राहतो. तोच मिथेनचा आकार. तीन बांधले तर ते एका पातळीत पसरतात, ग्रॅफाइटमधल्या कार्बनसारखे. दोन बांधले तर एका रेषेत, कार्बन डायऑक्साइडसारखे. आपल्या खानापूरची माती तर कुंभारकामासाठी नावाजलेली. तिचे गोळे करून त्यांत खराट्याच्या काड्या खोचून मी वर्षानुवर्षे रेणू करवून घेतले. माती ओली असतानाच काडी खोचावी आणि गोळे सावलीत वाळवावेत, उन्हात ठेवले तर काडीपाशीच तडा जातो. अरविंद गुप्ता यांनी होशंगाबादच्या विज्ञान कार्यक्रमात सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे आणि आगकाड्या जोडून जे सांगाडे केले, तेही आमच्या वर्गात वर्षानुवर्षे होत.

मिठासाठी तर मी काळा कागद आणि भिंग यांखेरीज काही घेत नसे. टेबलावरचे बारीक मीठ काळ्या कागदावर पसरा आणि भिंगातून पाहा: घासून झिजलेले काही दाणे सोडले तर चौकोनी ठोकळेच ठोकळे दिसतात. टिळकवाडीच्या सरांनी सांगितलेली ती सहा-सहांची रचना डोळ्यांना त्या ठोकळ्यात दिसते.

हिंडलग्याचा_पालक

गुरुजी, आजच रात्री मुलाला घेऊन मीठ पाहिले. मोबाइलचा कॅमेरा भिंगाला लावून त्यानेच फोटो काढला.

दोन_भाषा

मी कन्नड माध्यमाच्या शाळेत विज्ञान शिकवते, घरी मराठी बोलते, आणि या चर्चेत अद्याप न आलेली एक गोष्ट मांडू इच्छिते. ॲपची भाषा कोणती आहे, हे आपल्या भागात सर्वांत आधी पाहायला हवे.

मराठीत आपण ‘अणू’ आणि ‘रेणू’ म्हणतो. कन्नडमध्ये मराठीतल्या अणूला ‘परमाणु’ म्हणतात आणि रेणूला ‘अणु’. हिंदीतही तसेच आहे. म्हणजे ॲप हिंदीत किंवा कन्नडमध्ये लावले आणि पडद्यावरच्या मिथेनखाली ‘अणु’ असे आले, की मराठी माध्यमातले मूल तो पूर्ण रेणू म्हणजे एकच अणू समजते. शब्द अनोळखी असता तर त्याने विचारले तरी असते. हा ओळखीचा आहे, म्हणून ते विचारतही नाही. माझ्या शेजारच्या मुलीच्या वहीत मी ‘पाण्याच्या अणूत तीन परमाणू असतात’ असे वाक्य पाहिले आहे. कन्नडमध्ये ते अगदी बरोबर आहे, तिच्या मराठी उत्तरपत्रिकेत मात्र त्याचे गुण जातील.

मलप्रभातीर सर, कार्डे आपणच छापणार असाल तर ओळख पटवणाऱ्या चित्राला हात न लावता कार्डाच्या मागच्या बाजूला मराठी नाव, त्याखाली कन्नड आणि इंग्रजी प्रतिशब्द अवश्य छापा. तिन्ही भाषांत हिंडणाऱ्या आपल्या मुलांना ते फार उपयोगी पडेल. अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या प्रकल्पातील बऱ्याच प्रतिकृती मराठीतही मिळतात. त्या एआर नाहीत, साध्या संगणकावर चालतात, परंतु शब्द तरी आपले असतात.

पीयूसी_पहिले_वर्ष

मी नंदगडच्या बाजूच्या मराठी शाळेतून एसएसएलसी, म्हणजे दहावी, झाले आणि आता बेळगावला पीयूसीत विज्ञान घेतले आहे. इथे सगळे इंग्रजीत आहे. मिथेन १०९.५ अंश, अमोनिया १०७, पाणी १०४.५ हे मी पहिल्या आठवड्यातच पाठ केले, पण ‘टेट्राहेड्रल’ (चतुष्फलकी) हा शब्द कित्येक दिवस माझ्यासाठी फक्त एक स्पेलिंग होता. मैत्रिणीच्या मोबाइलवर असाच रेणू फिरवून पाहिला तेव्हा तो आकार झाला. शाळेत एकदा जरी पाहिला असता तर इथे भाषा आणि आकार या दोन्हींशी एकाच वेळी झगडावे लागले नसते, म्हणून सरांनी टॅब नाकारू नयेत अशी माझी विनंती आहे.

एक शंकाही आहे. ॲपमध्ये ऑक्सिजन लाल आणि नायट्रोजन निळा का असतो? वर्गात एकाने ऑक्सिजन वायू लाल असतो का, असे विचारले होते.

टिळकवाडी_रसायन

फार चांगला प्रश्न आहे. हे रंग म्हणजे केवळ संकेत आहेत. १८६५ मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये दिलेल्या व्याख्यानात ऑगस्ट विल्हेल्म हॉफमन यांनी क्रोके या खेळाचे रंगवलेले चेंडू सळ्यांनी जोडून रेणू दाखवले होते. कार्बन काळा, हायड्रोजन पांढरा, ऑक्सिजन लाल, नायट्रोजन निळा, क्लोरीन हिरवा ही आजची पद्धत तिथपर्यंत मागे जाते. क्लोरीन वायू खरोखरच हिरवट पिवळा असल्यामुळे मुलांचा गोंधळ वाढतो. ऑक्सिजन आणि नायट्रोजन वायूंना रंग नाही, हे मुद्दाम सांगावे.

या चर्चेच्या दृष्टीने आणखी महत्त्वाची गोष्ट अशी, की हॉफमन यांचा मिथेनही सपाटच होता, आपल्या मुलांच्या अधिक चिन्हासारखा. कार्बनचे चार बंध चतुष्फलकाच्या चार टोकांकडे जातात हे व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी १८७४ मध्ये स्वतंत्रपणे मांडले, आणि व्हान्ट हॉफ यांनी ते पटवण्यासाठी पुठ्ठ्याच्या प्रतिकृती केल्या. नाणावलेल्या रसायनशास्त्रज्ञांनाही सपाट चित्रातून बाहेर पडायला हातात धरता येईल अशी वस्तू लागली, तर दहावीच्या मुलाला ती का मिळू नये?

आकारमानाबद्दलही एक वाक्य वर्गात जरूर सांगावे. पाण्याचा रेणू साधारण ०.३ नॅनोमीटरचा, टॅबवर तो १५ सेंटिमीटरचा दिसला तर तो ५० कोटी पट मोठा केलेला असतो. अडीच सेंटिमीटरचे लिंबू तेवढ्याच पटीने मोठे केले तर ते जवळजवळ पृथ्वीएवढे होईल.

शहापूरचा_पुण्यात

मराठी नावांची कार्डे मी मांडून देतो, सर. चित्र तेच ठेवून मागची बाजू दोन_भाषा यांनी सांगितल्याप्रमाणे तीन भाषांत करू. कन्नड शब्द त्यांनी तपासून द्यावेत.

दोन_भाषा

आनंदाने देईन.

मलप्रभातीर

सर्वांचे मनापासून आभार. माजी विद्यार्थ्यांशी बोललो. ते एक टॅब देणार आहेत आणि दुसऱ्याच्या पैशांत भिंगे, सेल, एलईडी आणि तारा. त्यांना वाईट वाटेल अशी मला भीती होती, परंतु त्यांच्यातल्याच एकाने जांबोटीच्या गुरुजींच्या हाताखाली मातीचे रेणू केल्याची आठवण सांगितली आणि विषय तिथेच मिटला.

काल परिचितांचा टॅब मागून आणून वर्ग घेतला. पहिल्या तासिकेला टॅब कपाटातच ठेवला. मिठाचे पाणी आणि साखरेचे पाणी यांत तारा बुडवून एलईडी लावून पाहिला, मिठाच्या पाण्यात तो पेटला. मग भिंगातून मीठ, मग फुगे. दुसऱ्या तासिकेला प्रत्येकाकडून वहीत आधी लिहून घेतले की मिथेन वरून पाहिला तर काय दिसेल आणि बाजूने पाहिला तर काय, आणि मगच टॅब दिला. हिरा आणि ग्रॅफाइट शेजारी शेजारी पाहताना वर्ग अगदी शांत झाला होता. सोडियम-क्लोरीनची जोडकार्डे मी मुद्दाम काढलीच नाहीत.

एका प्रश्नाला मात्र मला नीट उत्तर देता आले नाही. पाण्याचा रेणू फिरवताना मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, “सर, पलीकडची बाजू मोकळीच आहे, तर दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला का झुकले?” दहावीच्या मुलाला हे कसे सांगावे?

टिळकवाडी_रसायन

ती बाजू मोकळी नाही, ॲपने ती मोकळी दाखवली आहे. ऑक्सिजनच्या बाहेरच्या कक्षेत सहा इलेक्ट्रॉन असतात. दोन बंधांत गुंततात आणि उरलेल्या चारांच्या दोन जोड्या त्याच बाजूला असतात. त्याच्या स्वतःच्या ठिपका-आकृतीत त्या आहेत, तीच त्याला काढायला सांगा. मग चार फुगे घ्या, दोन एका रंगाचे आणि दोन दुसऱ्या.

मलप्रभातीर

त्याने पाण्याची ठिपका-आकृती काल वहीत बरोबर काढलेली आहे, मी स्वतः तपासली होती. सोमवारी दोन लाल आणि दोन पांढरे फुगे घेऊन जातो आणि ती वहीच त्याच्यासमोर उघडतो.